अकरावी पायरी

पायऱ्या मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या गावातल्या पुरुषांचा एकमेकांवर काडीचा भरवसा नाही. सासरे होते तोवर तेच मोजायचे. ते गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात घाटावर अशी भांडणं झाली की शेवटी कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याच्या सुनेलाच मोजू द्या, तिला खोटं बोलता येत न्हाई." ही स्तुती होती की टोमणा, ते मला आजवर कळलेलं नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "व्हय." त्याचं सगळ्याला व्हयच असतं.

कयाधू आमच्या गावापाशी वळते. वळणावर महादेवाचं देऊळ, देवळाखाली घाट आणि घाटाखाली डोह. फेब्रुवारी सरला की बाकीची नदी म्हणजे नुसते गोटे, पण या डोहाला तळातून झरा आहे, म्हणून तिथं बाराही महिने पाणी असतं. त्यात मोठे मासे आहेत. सोनेरी खवल्यांचे, जाड ओठांचे, काही तर मांडीएवढे. ते देवाचे म्हणून कुणी धरत नाही. सोमवारी बाया लाह्या टाकतात, तेव्हा पायरीपर्यंत येऊन तोंडं वर काढतात. एकाची शेपटी फाटलेली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला देव दाखवला आणि मग हा मासा दाखवला. हा तोच की त्याचा पोरगा, देव जाणे, पण फाटक्या शेपटीचा एक मी इतकी वर्षं पाहत आले.

आता याच डोहावर दोन्ही काठच्या मिळून नऊ मोटारी आहेत. हळद निघून बाजारात गेली की शेतात उरतो उन्हाळी भुईमूग आणि ज्याची हौस दांडगी त्याचा ऊस. नदी पाइपात घालून प्रत्येक जण आपापल्या शेताकडे वळवतो. मोकळं सोडलं तर चैत्र संपायच्या आत डोहात मासे सोडा, बेडूकही उरणार नाही. म्हणून जुन्या माणसांनी नियम घातला होता. घाटाची वरून अकरावी पायरी कोरडी पडली की मोटारी बंद. नुसत्या बंद नाही, प्रत्येकानं आपल्या पेटीतले फ्यूज काढून आणायचे आणि देवळात नंदीपुढच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. ते परत मिळणार नदीला पूर आल्यावर. खाली उरलेलं पाणी माशांचं आणि जनावरांचं. कुणाचा ऊस वाळो, कुणाचा भुईमूग जळो, डब्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. तशी घरात दुसरे फ्यूज ठेवणारी माणसं आहेत, मी काही आंधळी नाही. पण देवळातला डबा भरलेला असताना मोटार चालू केली तर तिचा आवाज गावभर जातो, आणि मग माझाही जातो.

घाट नवा करायचा हट्ट माझाच होता, हे आधीच सांगून टाकते. जुने दगड शेवाळलेले, झिजलेले. एका सकाळी मोजता मोजता माझा पाय घसरला आणि मनगट मोडलं. तेव्हापासून मी ग्रामपंचायतीच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या. शेवटी निधी आला, ठेकेदार आला. जुने दगड उखडून त्यानं राखाडी सिमेंटच्या ऐसपैस पायऱ्या केल्या, मधे धरायला लोखंडी नळीचा कठडा केला. बाजूची जुनी दगडी भिंत मजबूत होती, ती तेवढी तशीच ठेवली. उद्घाटनाला मीच नारळ फोडला. कठडा धरून खाली उतरले, वर आले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता मोजायला काही तकलीफ न्हाई." आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षीही पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला. नदी उन्हाळाभर थोडी थोडी वाहत राहिली, आणि अकराव्या पायरीपर्यंत जायची वेळच आली नाही. तिसऱ्या वर्षी मात्र दिवाळीच्या आधीच आभाळ कोरडं पडलं.

माघात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी एक तरुण बाई डोह बघायला आली. लाह्या टाकून तिनं मासे वर बोलावले, फोटो काढले आणि ते पुन्हा पुन्हा मोठे करून बघितले. मग म्हणाली, "काकू, हे महाशीर आहेत. ही जात नद्यांमधून संपत चाललीय. बाहेर लोक यासाठी मोठमोठ्या बैठका घेतात, शेतीला पाणी किती वळवायचं आणि माशांना किती ठेवायचं यावर वर्षानुवर्षं भांडतात. तुम्ही कसं ठरवता?"

अशी संधी मी कशाला सोडते! मी ताठ उभी राहून अकराव्या पायरीचं सगळं सांगितलं. ती भराभर लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिनं विचारलं, "आणि एकूण पायऱ्या किती आहेत?"

"एकूण कशाला पायजे?" मी म्हणाले. "अकरावी आली की बस. खालच्या पाण्यात असत्यात, त्या कोण मोजत बसतं?"

तिनं मान डोलावली. शिकलेल्या बायांना नको ते प्रश्न पडतात, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "व्हय."

मार्चमध्ये पाणी सातव्या पायरीवर आलं. भुईमुगाला आऱ्या सुटत होत्या, म्हणजे शेंगा धरायचे, भरपूर पाणी लागायचे दिवस. मी रोज सकाळी जायचे, मोजायचे आणि देवळाच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहायचे. आकड्याला वाचक पुष्कळ. नऊच्या नऊ जण येऊन वाचायचे आणि खूश होऊन जायचे. "औंदा पाणी चांगलं टिकून राहिलं," म्हणायचे. टिकलं कसं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मला तरी कुठं वाटलं?

दरवर्षी त्याच सुमाराला एक मेंढपाळ आपली मेंढरं घेऊन आमच्या शिवारात उतरतो. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. घाटावर मला बघून म्हणाला, "माय, पाणी लई खाली गेलं. मेंढरं उतरायला भिऊन राहिली."

"नवा घाट हाय भाऊ, गुळगुळीत. त्याला भीत असतील," मी म्हणाले. "आज आठवी हाय. अजून तीन पायऱ्या पाणी हाय."

"तुमी मोजता म्हंजे बराबरच असंल," तो म्हणाला, पण पाण्याकडे बघत उभा राहिला. मला त्याचा राग आला. माझ्या मोजणीवर शंका घेणारा हा कोण?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी घाटावर गेले तर मासे पाण्याच्या वर तोंडं काढून होते. सोमवार नव्हता, लाह्या नव्हत्या. नुसते आ वासून हवा ओढत होते. काठाला तीन मेलेले. पाणी दहाव्या पायरीला होतं.

देवाचा मासा मेला तर तो खायचा नाही, फेकायचा नाही. नव्या कपड्यात गुंडाळून देवळामागे पुरायचा. घरी येऊन मी पेटी उघडली. पेटीत खणांचा ढीग होता. कुठलीही बाई सांगेल, हळदीकुंकवात मिळालेले हे खण कुणी शिवत नाही. या घरातून त्या घरात ओटीत फिरत राहतात, कधी कधी आपलाच खण तीन वर्षांनी आपल्याकडे परत येतो. त्यातले तीन काढले. एक चौकडीचा, एक मोरपंखी, एक असाच. मासे गुंडाळले, पुरले, आणि तळपायाची आग मस्तकात घेऊन तडक पलीकडच्या काठाला गेले.

तिथं आमच्या चुलत दिराचा ऊस आहे. सगळ्यात मोठी मोटार त्याची, सगळ्यात जास्त तहान त्याच्या उसाला. मी त्याला पाणी चोरतोस म्हणाले, बंद करायच्या वेळी बंद करत नाहीस म्हणाले, देवाचे मासे मारलेस म्हणाले. माझ्या तोंडाला लागायची गावात सहसा कुणाची तयारी नसते. पण तो शांतपणे पाइपावर बसून राहिला.

"वैनी," तो म्हणाला, "अकरावी उघडी पडली काय?"

"न्हाई."

"मग मोटार बंद करायची येळ झाली काय?"

मी पदर पुन्हा कमरेला खोचला.

"मग मी चोर कसा? आकडा तुमीच लिहून राहिल्या. आमी वाचून राहिलो."

त्याचं बरोबर होतं, आणि ह्या माणसाचं बरोबर असणं मला कधीच सहन झालेलं नाही. मी परत आले. वाटेत वरच्या गावच्या बंधाऱ्याला शिव्या दिल्या, ऊन जास्त आहे म्हणून उन्हाला दिल्या, कॉलेजच्या बाईनं काय टाकलं पाण्यात म्हणून तिच्यावरही संशय घेऊन झाला. दुसऱ्या दिवशी आणखी पाच मेले. पाच खण गेले.

चौथ्या दिवशी मी मासा पुरून घाटावर हात धूत होते, तेव्हा मेंढपाळ खाली आला. त्याच्या कळपाचा म्होरक्या मेंढा गळ्यात घंटा बांधलेला. बाजूच्या जुन्या भिंतीत एक लोखंडी कडी आहे. तो दरवर्षी मेंढ्याचा दोर त्या कडीत अडकवायचा, मेंढा पाणी पीत उभा राहायचा आणि बाकीची मेंढरं त्याच्याभोवती येऊन प्यायची. मी हे शंभरदा बघितलेलं. त्या दिवशी त्यानं कडीतून दोर घातला आणि मेंढा खाली ढकलला. दोर ताणला. मेंढ्यानं मान लांब केली, गुडघे टेकले, तरी तोंड पाण्याला पोचेना.

"दोर आखूड आणला काय भाऊ?" मी विचारलं.

"दोर तोच हाय माय. वीस साल झाले, हाच दोर." त्यानं दोर सोडला. "मोटारी बंद व्हायच्या तवा पाणी ह्या कडीला टेकलेलं असायचं. तुमचे सासरे कडीकडं बोट करून म्हणायचे, ही अकरावी पायरी. तिथून खाली मेंढरांचं. आता कडी पाहा कुटं राहिली अन् पाणी कुटं."

पाण्याशी बसल्या बसल्या मी कडीकडे बघितलं. कडी माझ्या डोक्याच्या वर होती.

मग मी पहिल्यांदा पायऱ्या मोजल्या. म्हणजे सगळ्या मोजल्या. पाण्यात पाय घालून, चाचपडत, कठडा धरून. तेरा! नव्या घाटाला एकूण तेरा पायऱ्या आहेत. आणि जुन्या घाटाला एकवीस होत्या, हे नवऱ्याला विचारलं तेव्हा त्यानं न थांबता सांगितलं. लहानपणी तो त्यावरून उड्या मारायचा.

"मग आजवर बोलला काहून न्हाईत?"

"तू विचारलं न्हाईस," तो म्हणाला. व्हय सोडून दुसरं बोलला, ते आयुष्यात पहिल्यांदा.

ठेकेदारानं काम वाचवायला पायऱ्या उंच केल्या होत्या. जुन्या सहा इंची, नव्या दहा इंची. तेवढ्याच उंचीत एकवीसच्या तेरा झाल्या. जुनी अकरावी अर्ध्या घाटावर होती, आताच्या सातवीच्या जागी, आणि नवी अकरावी म्हणजे जवळजवळ तळ. मी रोज सकाळी अगदी प्रामाणिकपणे, एकही दिवस न चुकता, डोह रिकामा होऊ दिला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, माझा कळसा तर भिंतीत लोखंडाचा ठोकलेला होता.

त्याच संध्याकाळी नऊही जणांना देवळापुढं बोलावलं. सगळं सांगितलं. माझं चुकलं, हेही म्हणाले, आणि ते म्हणताना जीभ किती जड होते हे मला तेव्हा कळलं. "फ्यूज महिन्यापूर्वीच डब्यात पडायला पायजे होते," मी म्हणाले. "आता तरी टाका."

कुणी हललं नाही. भुईमुगाला अजून दोन पाणी हवं होतं, माझ्याही. उसाला तर किती दिलं तरी कमीच. मग चुलत दीर बोलला. "वैनी, नियम मोठ्या माणसांचा हाय. मोठ्या माणसांनी अकरावी सांगितली. सातवी सांगितली न्हाई, कडी सांगितली न्हाई. आज तुमी सातवी म्हणसाल, उद्या कुनी तिसरी म्हणल. अकरावी म्हंजे अकरावी."

आणि आठही माना डोलल्या. आमच्या नवऱ्याचीसुद्धा! त्या लोकांना लबाड म्हणावं तर तसंही नाही. हेच लोक पूर्वी उभा ऊस वाळताना बघून फ्यूज काढून द्यायचे. त्यांना मासे मारायचे नव्हते. त्यांना फक्त अकरा पाहिजे होते. मी कडीकडे बोट दाखवत होते आणि ते पायऱ्यांकडे बघत होते. ओरडून ओरडून माझा घसा बसला. मी घरी गेले, आमच्या मोटारीचा फ्यूज काढला, नेऊन डब्यात टाकला. एवढ्या मोठ्या डब्यात एकच पडला, त्याचा खण्णकन आवाज आला.

मासे मरतच होते. पेटीतले खण तळाला गेले.

दोन दिवस मी चुलीपुढं बसून धुमसत होते. अकरा पाहिजेत काय? बरं. सकाळी उठून गवंड्याच्या घरी गेले. त्याला म्हणाले, घाटाच्या वरच्या सहा पायऱ्या बघ, किती रुंद आहेत. दर दोन पायऱ्यांच्या मधे विटांची एक बुटकी पायरी बांधून दे. सहाच्या मधे पाच. तो माझ्याकडे बघत राहिला. "कशाला काकू?" "मी म्हातारी झाले, उंच पायऱ्या चढवत न्हाईत," मी सांगितलं. विटा आमच्या पडक्या गोठ्याच्या. नवऱ्यानं एक शब्द न बोलता घमेल्यानं वाहिल्या. संध्याकाळपर्यंत वरच्या सहा आणि मधल्या पाच अशा अकरा पायऱ्या झाल्या, आणि अकरावी कडीच्या वीतभर वर आली. कोरडी ठणठणीत.

सिमेंट सुकल्यावर पुन्हा सगळ्यांना बोलावलं. "मोजा," म्हणाले.

चुलत दिरानं चपला काढल्या. एकेका पायरीवर पाय ठेवत उतरला. अकरा म्हणाला आणि थांबला. वर गेला, पुन्हा उतरला. पुन्हा अकरा. मग म्हणाला, "ही मधली तर तुमी परवा बांधली!"

"अन् बाकीची ठेकेदारानं बांधली," मी म्हणाले. "त्याची चालती अन् माझी काहून न्हाई? सिमेंट तेच हाय."

मेंढपाळ कठड्याला टेकून उभा होता, तो हसला. मग एकेक करून सगळेच हसले. चुलत दीर हसला नाही. त्याचा ऊस त्या साली खरंच वाळणार होता, आणि ते त्याला माहीत होतं. पण तो पलीकडे गेला आणि अर्ध्या तासानं फ्यूज घेऊन आला. डब्यात टाकताना माझ्याकडे बघून म्हणाला, "वैनी, देवाशीसुद्धा भांडून घेताल तुमी." दिवेलागणीपर्यंत डब्यात नऊ जणांचे फ्यूज होते.

आमचा भुईमूग उपटला तेव्हा निम्म्या शेंगा फुसक्या निघाल्या. त्याचं मला फार वाटलं नाही. डोहाचं पाणी झऱ्यानं हळूहळू वर आलं, मे संपताना दोन नव्या पायऱ्यांइतकं. जे मासे उरले ते तगले. कॉलेजची बाई पावसाळ्याआधी आली, तिला मी सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "किती गेले?" मी म्हणाले, "पेटीतले सगळे खण गेले."

खरं तर एक कमी पडला होता. फ्यूज डब्यात पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक्या शेपटीचा काठाला लागला. आता मरायची काही गरज नव्हती. पाणी वाढायला लागलं होतं. पेटी मी आदल्या दिवशीच झाडून रिकामी केली होती. मग कपाट उघडलं. आईनं जायच्या आधी माझी शेवटची ओटी भरली होती, तो खण मी कुणाच्या ओटीत कधी जाऊ दिला नव्हता, वेगळा ठेवला होता. हिरवा, लाल काठाचा. त्यात त्याला गुंडाळला. महिनाभर मी दिराला, ठेकेदाराला, वरच्या गावाला, उन्हाला, सगळ्यांना बोलले. पण रोज सकाळी घाटावर जाऊन आकडा लिहिणारा हात माझाच होता.

आता मी पायऱ्या मोजत नाही. मेंढपाळाकडून दोराचा एक वीतभर तुकडा मागून घेतला आहे, तो कडीत अडकवून खाली सोडते. दोराचं टोक पाण्याला लागलं नाही की मोटारी बंद. खडूनं आकडा लिहीत नाही, त्यामुळे नऊ जण वैतागले आहेत, वैतागू देत.

यंदा संक्रांतीला सात घरी वाण घ्यायला गेले. सात खण मिळाले. एकही कुणाच्या ओटीत घातला नाही. पेटीत ठेवलेत. परवा नवरा पेटी उघडून बघत होता. "हे कुणासाठी?" म्हणाला. मी म्हणाले, "कुणासाठीच न्हाई. असेच राहू देत." तो म्हणाला, "व्हय." आणि झाकण लावलं.